चार चौकटींचं भाडं

चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावर सिनेमातल्या कुणाचंही पान फोनवर उघडा. आधी फोटो आणि नाव दिसतं, थोडं खाली सरकलं की चार पोस्टर. वर लिहिलेलं असतं 'नोन फॉर', म्हणजे हा माणूस ज्यांच्यासाठी ओळखला जातो ती कामं. त्याखाली कामांची सगळी यादी असते, पण कास्टिंगच्या ऑफिसात ढीगभर प्रोफाइल चाळणारा माणूस तिथवर क्वचितच पोचतो. त्याचं मत त्या चार चौकटींवरच बनतं. त्या चौकटींत काय दिसावं हे स्वतः ठरवायचं असेल, तर आयएमडीबी प्रोचं सभासदत्व घ्यावं लागतं. अमेरिकेत त्याला महिन्याला सुमारे २० डॉलर पडतात.

मराठी नटांची आणि तंत्रज्ञांची ही पानं लावून देण्याचं काम मी करते. माझ्याकडे येतात ते बहुतेक अडल्यावर. एखाद्या हिंदी वेबसीरिजच्या ऑफिसातून 'लिंक पाठवा' असा निरोप येतो, किंवा परदेशातल्या महोत्सवाच्या अर्जात त्या लिंकसाठी एक रकाना असतो, आणि मग आपल्या नावाचं एक पान जगात आधीपासूनच आहे हे त्यांना कळतं. ते पान त्यांनी केलेलं नसतं. चित्रपटाची नोंद करताना कुणीतरी श्रेयनामावलीतली नावं भरलेली असतात, आणि प्रत्येक नावाचं आपोआप एक पान तयार होतं.

पैसे भरले नाहीत तर चार कामं निवडतो तो संगणकाचा हिशोब. त्यात काय धरलं जातं हे कंपनी स्वतःच सांगते: त्या कामातली तुमची जबाबदारी, ती जबाबदारी तुम्ही किती वेळा सांभाळली, चित्रपट किती लोकप्रिय आहे, प्रेक्षकांनी किती गुण दिले, पूर्ण लांबीचा आहे की लघुपट. हिशोबात लबाडी नाही. पण लोकप्रियता मोजायची म्हटली की मराठी माणसाचं पारडं हलकं पडतं. एखाद्या संकलकाने उमेदवारीच्या काळात मोठ्या हिंदी चित्रपटांवर सहायक म्हणून दिवस काढलेले असतात आणि पुढे स्वतंत्रपणे केलेले मराठी चित्रपट थोड्याच लोकांनी पाहिलेले असतात. त्याच्या पानावर मग सहायकगिरी वर येते आणि स्वतंत्र काम खाली राहतं. पाहणाऱ्याला वाटतं, हा अजून मदतनीसच आहे.

आमचं खरं काम पैसे भरण्याआधीच सुरू होतं आणि ते फुकट होतं. नोंद घालायला, चूक सुधारायला पैसे लागत नाहीत. मी समोर बसवून आधी सगळी कामं आठवायला लावते. मग चित्रपटाची श्रेयनामावली थांबवत थांबवत पाहायची, कारण पडद्यावर जसं नाव आलं तशीच नोंद हवी. इथे मराठी नावं फार छळतात. दीपक रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका चित्रपटात वडिलांचं नाव मधे येतं, दुसऱ्यात येत नाही, तिसऱ्यात आडनावाचं एक अक्षरच गळलेलं असतं. अशाने एकाच माणसाची तीन पानं होतात आणि त्याचं आयुष्य तिन्हींत वाटलं जातं. उलटंही होतं. एकाच नावाची चार माणसं असली की त्यांना ओळखण्यासाठी नावापुढे कंसात रोमन आकडे लागतात, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जाधवांचं काम चौथ्या क्रमांकाच्या जाधवांच्या पानावर जाऊन बसतं. हे निस्तरण्यात आठवडे जातात. रोजच्या मालिकेत काम केलेल्यांचे एपिसोड मोजून भरायचे असतात. शेकडो भाग केलेल्या बाईंच्या नावापुढे एकच भाग दिसला तर तो त्यांच्या कष्टांचा अपमान वाटतो मला. शेवटी पोस्टर. लहान मराठी चित्रपटाच्या नोंदीत पुष्कळदा पोस्टरच नसतं, आणि चौकटीत नुसता करडा तुकडा दिसतो. ते मिळवून चढवल्याशिवाय ते काम निवडण्यात अर्थ नसतो.

मग सभासदत्व, ओळख पटवणं, पानावर हक्क सांगणं. हे लवकर होतं. त्यानंतर यादी समोर येते आणि त्यातली चार निवडायची असतात, आणि माणूस गप्प होतो.

एक ज्येष्ठ चरित्र अभिनेते आले होते. मी त्यांना काकाच म्हणते. सोबत काकू होत्या. काकांनी पहिलं बोट ठेवलं ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या एका विद्यार्थ्याच्या लघुपटावर. "अगं, आयुष्यात एकदाच मला मध्यवर्ती भूमिका मिळाली." दुसरं बोट एका चित्रपटातल्या एकाच प्रसंगावर. काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि मालिका? जिच्यावर घराचे हप्ते फेडले ती नको का तुम्हाला?" काका म्हणाले, ती काय कुणीही केली असती. काकूंना ते मुळीच पटलं नाही. शेवटी तिसऱ्या चौकटीत मालिका बसली. चौथ्यासाठी काकांनी नाटकाचं नाव घेतलं, ज्याचे प्रयोग त्यांनी गावोगाव केले, ज्यातल्या कामामुळे आजही गिरगावात त्यांना लोक थांबवतात. मला सांगावं लागलं की नाटक तिथे निवडताच येत नाही. रंगमंचावरचं काम या यादीत नोंद म्हणून धरलंच जात नाही. चरित्राच्या भागात 'इतर कामं' असा एक कोपरा असतो, तिथे ते लिहिता येतं. मराठी नटाची अर्धीअधिक ओळख रंगभूमीवरची असते. पैसे भरूनही ती त्या चौकटींत येत नाही, याची खंत मला प्रत्येक ज्येष्ठ नटाच्या वेळी वाटते.

पैसे देऊन काय मिळत नाही हे मी आधीच स्पष्ट सांगते. पडद्यावर नाव आलेलं काम पुसता येत नाही, मग ते कितीही नकोसं असो. आणि हे योग्यच आहे. जो इतिहास पैसे घेऊन खोडता येतो, त्यावर उद्या कुणी भरवसा ठेवणार नाही. मिळते ती फक्त चार कामांची आणि मुख्य फोटोची निवड, एजंटचा किंवा स्वतःचा संपर्क, आणि स्टारमीटर नावाचा दर आठवड्याला बदलणारा क्रमांक पाहण्याची सोय. हा क्रमांक मुख्यतः लोक तुमचं पान किती पाहतात यावर ठरतो. त्यामागे धावू नका, असं मी सगळ्यांना सांगते.

पानावर दिसणाऱ्या वयाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो बहुतेक बायकाच विचारतात. पस्तिशीच्या नटीला आईची भूमिका देऊ करणाऱ्या या धंद्यात जन्मतारीख हा साधा तपशील राहत नाही. अमेरिकेत यावरून मोठी लढाई झाली. टेक्ससच्या एका अभिनेत्रीने २०११ मध्ये आयएमडीबीवर दावा लावला. सभासदत्व घेताना दिलेल्या माहितीच्या आधारे आपलं खरं वय शोधून जाहीर केलं, असं तिचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये ज्यूरीचा निकाल तिच्या विरुद्ध गेला. मग २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: अशा संकेतस्थळाच्या वर्गणीदाराने मागणी केली तर त्याचं वय काढावं लागेल. कलावंतांची संघटना सॅग-आफ्ट्रा या कायद्याच्या बाजूने उभी होती. पण खरी माहिती छापण्यावर सरकारला बंदी घालता येत नाही, या मुद्द्यावर २०१८ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२० मध्ये अपिलातही तेच कायम झालं. हा कायदा टिकला असता तरी त्याची सवलत वर्गणी भरणाऱ्यालाच होती, ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते.

आयएमडीबीची ही यादी मुळात कुणी उभी केली ते लक्षात घ्या. १९९० मध्ये ब्रिस्टलच्या कॉल नीडहॅमने यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांतल्या सिनेवेड्यांनी जमवलेल्या याद्या एकत्र करून ती सुरू केली. नंतर काही काळ ती कार्डिफ विद्यापीठाच्या संगणकावर होती. सगळं काम हौशी लोकांचं, बिनपैशाचं. १९९८ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली आणि २००२ मध्ये प्रो सुरू झालं. आजही नोंदी पुष्कळशा प्रेक्षकच भरतात, किंवा तंत्रज्ञ स्वतः, रात्री शिफ्ट संपवून. इतक्या हातांनी फुकट भरलेल्या यादीत 'माझी ही चार कामं पुढे ठेवा' एवढं म्हणायचा हक्क विकत घ्यावा लागू नये, असं माझं ठाम मत आहे. संपर्क, आकडेवारी, निर्मात्यांचे पत्ते यांचे पैसे खुशाल घ्यावेत. चार कामांची निवड ज्याची त्याला द्यावी. मोठ्या नटाला २० डॉलर म्हणजे काहीच नाही, त्याचं पान सांभाळायला माणसं असतात. मराठी सेटवरच्या वेशभूषा सहायिकेला ती रक्कम दर महिन्याला जड जाते, आणि चुकीच्या क्रमाचा फटका तिलाच जास्त बसतो. म्हणून पुष्कळांना मी सांगते, आधी फुकटची कामं पुरी करा, नोंदी नीट लावा, पोस्टर चढवा. सभासदत्व घ्यायचंच असेल तर हातात अर्ज किंवा ऑडिशन असेल तेव्हा घ्या.

चौकटींपर्यंत पोचतच नाहीत असेही पुष्कळ आहेत. मराठी चित्रपटाच्या शेवटी वेगाने सरकणाऱ्या नावांत स्पॉट दादा, लाइटमन, सेटिंगवाले येतात. पडद्यावर 'राजू', 'पप्पू', 'अण्णा' एवढंच. आडनाव नाही, म्हणून पुढच्या चित्रपटातला राजू तोच का हे यादीला कळायला मार्ग नाही. आता एखाद्या निर्मितीचं काम माझ्याकडे आलं की मी प्रॉडक्शन मॅनेजरकडून या सगळ्यांची पूर्ण नावं मागते, आणि पडद्यावर जे आलं ते शेजारी नमूद करून नोंद पूर्ण नावाने घालते. पहिल्यांदा मागितली तेव्हा मॅनेजरने विचारलं, "यांचं पान कोण बघणार आहे, ताई?" तरी संध्याकाळी यादी आली, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली. सगळ्यांनी वडिलांचं नावही लिहिलं होतं.