थाळी वाजवू नका, बाळाच्या कानांची तपासणी करा

थाळी वाजवली की बाळ दचकतं, म्हणजे त्याला ऐकू येतं, असा समज घरोघरी आहे. पण बहिरं बाळही थाळीच्या कंपनाने किंवा हात हललेला दिसल्याने दचकू शकतं. मग दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही तेव्हा शोधाशोध सुरू होते. तोवर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

दर १००० जन्मांमागे साधारण १ ते ३ बाळांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो. त्यातल्या बहुतेकांच्या आईवडिलांना नीट ऐकू येतं. म्हणून ‘आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही’ हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही.

‘ओएई’ ही तपासणी काही मिनिटांची. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान निरोगी असेल तर त्यातून सूक्ष्म प्रतिध्वनी येतो, तो यंत्र टिपतं. सुई नाही, वेदना नाही. पहिल्या वेळी प्रतिसाद आला नाही म्हणजे बाळ बहिरंच, असं नाही. कानात जन्मावेळचा स्राव असू शकतो. मात्र फेरतपासणी चुकवू नये. गरज पडल्यास ‘बेरा’ तपासणी करतात.

सूत्र लक्षात ठेवा: १ महिन्यात तपासणी, ३ महिन्यांत निदान, ६ महिन्यांत उपचार. कमी वजनाचं, अतिदक्षता विभागात राहिलेलं, तीव्र कावीळ झालेलं बाळ आणि नात्यातलं लग्न असेल तिथे विशेष काळजी घ्यावी.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांटसाठी पात्र कुटुंबांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मदत मिळते. सांकेतिक भाषा हीसुद्धा पूर्ण भाषा आहे. ती शिकण्यात कमीपणा नाही.

मुलाचा बहिरेपणा हे आईचं पाप नाही, मागच्या जन्माची शिक्षा तर नाहीच. नवस-अंगाऱ्यात महिने घालवणं बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. शिक्षणाला आपण सर्वांत वर मानतो, आणि शिक्षण भाषेपासून सुरू होतं. म्हणून विहारातल्या युवक-युवतींनी वस्तीतल्या नवजात बाळांची यादी करावी आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारावा: कानांची तपासणी झाली का?

जयभीम!