मादी झाडावर नरफुले

पपईत दिसतात तशी भांगेतही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. पेशीत 20 गुणसूत्रे; मादीत एक्सएक्स जोडी, नरात एक्सवाय. पण ताण पडला की कधी कधी मादी झाडावरच नरफुले उमलतात. त्यांच्या परागांनी त्याच झाडावर बी धरले, तर रोपे कोणती निघतील?

फळ्यावर मांडून पाहू. (हे झाड शाळेच्या बागेत लावायचे नाही, फळाच पुरे!) दोन्हीकडून एक्सच येणार, वाय आणायचा कुठून? म्हणजे सगळी रोपे एक्सएक्स.

प्रश्न इथे मिटत नाही. मादीवर नरफुले येण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असते. अशा झाडाचे बी राखणारा नकळत तिचीच निवड करतो, आणि पुढच्या पिढीतली 'मादी' झाडेही नरफुले धरू लागतात. धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या युरोपातल्या काही वाणांत मात्र हाच गुण मुद्दाम जोपासला आहे.

1982 साली दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ मोहन राम आणि सेट यांनी चांदीची संयुगे वापरून मादी झाडांवर नरफुले आणली. पराग सुफल निघाले. चांदी इथिलीन या संप्रेरकाचा परिणाम रोखते. इथे बदलली ती फुले. गुणसूत्रे होती तीच राहिली.