वणी परिसरातील वादळी पाऊस : कारणे आणि दक्षता

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या आश्रयाने वणी तालुका वसला आहे. कापूस, तूर, सोयाबीन ही येथील पिके. भूगर्भात दगडी कोळसा आणि चुनखडी. वणी-चंद्रपूर हा पट्टा राज्यातील सर्वांत तप्त प्रदेशांत मोडतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे नवलाचे नाही. अशाच एखाद्या दुपारी क्षितिजावर काळा ढग उभा राहतो, धुळीचा लोट येतो, अर्ध्या तासात घरांवरचे टिनाचे पत्रे उडतात, वीज कडाडते आणि सायंकाळी आकाश पुन्हा निरभ्र होते. शेजारच्या गावी मात्र थेंबही पडलेला नसतो. निसर्गाची लहर म्हणून हे सोडून देण्याची आपल्याला सवय आहे. परंतु या घटनेमागे निश्चित कार्यकारणभाव आहे.

वादळी ढग तयार होण्यास तीन गोष्टी लागतात : तापलेली जमीन, पुरेसे बाष्प आणि हवेला वर ढकलणारे एखादे निमित्त. पहिली गोष्ट वणीला मुबलक आहे. दुसरी बाहेरून येते. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारी हवा कोरडी असते. मात्र बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचे वारे पूर्व विदर्भापर्यंत पोहोचले की जमिनीलगतच्या हवेत बाष्प वाढते. हे दोन प्रवाह जेथे भिडतात, ती रेषा अनेकदा विदर्भातून मराठवाड्यामार्गे कर्नाटकाकडे गेलेली असते. तिसरे निमित्त तेथे मिळते. बंगालमधील कालबैसाखीची वादळेही उष्णता आणि बाष्प यांच्या अशाच संयोगातून जन्मतात.

खुल्या कोळसा खाणींमुळे ही वादळे होतात काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उघडी काळी जमीन अधिक तापते, हे खरे. परंतु ढगाला लागणारे बाष्प शेकडो किलोमीटरांवरून येते, आणि जेथे एकही खाण नाही अशा तालुक्यांतही ही वादळे होतात. खाणींच्या धुळीचे अन्य दुष्परिणाम अनेक आहेत. वादळाचे खापर मात्र त्यांच्यावर फोडता येत नाही.

वर चढलेली हवा थंड होऊन तिच्यातील बाष्पाचे जलबिंदू व हिमकण बनतात. ढगाचा माथा बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातो. पाऊस खाली येऊ लागला की वाटेतील कोरड्या हवेत त्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि ती हवा एकदम गार व जड होते. ही जड हवा जमिनीवर आदळून चोहीकडे पसरते; पावसाआधी येणारा सोसाट्याचा वारा तो हाच. एका ढगाचे आयुष्य साधारण तास-अर्ध्या तासाचे आणि रुंदी काही किलोमीटरांची असते. एक गाव झोडपले जाते आणि दुसरे कोरडे राहते, त्याचे कारण हे आहे.

गारपिटीचा हिशेब किंचित वेगळा आहे. मे महिन्यात पाणी गोठण्याची पातळी जमिनीपासून सुमारे पाच किलोमीटर उंच असते. तेथून निघालेल्या लहान गारा गरम हवेतून येताना वितळून जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी खाली असते आणि नेमके त्याच वेळी गहू व हरभरा शेतात उभे असतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा व मध्य महाराष्ट्र यांना गारपिटीने कसे झोडपले, हे शेतकरी विसरलेले नाहीत.

मनुष्यहानी मात्र मुख्यतः विजेने होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली. वीज पडते तो काळ नेमका शेतीच्या कामांचा असतो. मृगाच्या तोंडावर पेरणी असते; हस्त नक्षत्रात सोयाबीनची कापणी व गंजी लावण्याची घाई असते. मजूर, सालगडी आणि गुराखी उघड्या वावरात असतात आणि पाऊस आला की धुऱ्यावरच्या झाडाखाली धावतात. धोका तेथेच सर्वाधिक. उंच झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसाकडे उडी घेते, तसेच मुळांवाटे जमिनीत शिरून चोहीकडे पसरते. अशा वेळी दोन पायांखालील जमिनीच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि शरीरातून प्रवाह वाहतो. पायांतील अंतर जितके अधिक, तितका हा फरक मोठा. झाडाखाली बांधलेली जनावरे एकाच वेळी का मरतात, याचा उलगडा येथे होतो.

पक्के घर किंवा बंद टपाची मोटार हा खरा आसरा होय. लाकडी खांबांवरील टिनाचे छप्पर विजेपासून संरक्षण देत नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर, हा साधा हिशेब शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे. हे अंतर तीस सेकंदांहून कमी असल्यास आसरा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आसरा मुळीच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज आपल्याकडे जुना आहे. त्याला कसलाही आधार नाही. विजेचा आघात झालेल्या माणसाला स्पर्श केल्यास धक्का बसतो, हा समज तर घातकच. शरीरात वीज साठून राहत नाही. श्वास व नाडी बंद असल्यास तत्काळ छाती दाबून कृत्रिम श्वास द्यावा व रुग्णालयात न्यावे. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात. शाळेवर तडितरक्षक बसविल्याने सारे गाव सुरक्षित झाले, असेही समजू नये. त्याचे संरक्षण ढोबळमानाने त्याच्या उंचीइतक्याच परिघापुरते असते.

नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हानिहाय इशारे देते, तसेच पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही प्रसृत करते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन आसपास वीज पडत असल्यास सूचना देते. अडचण अशी की वावरातील मजुराच्या हाती असा दूरध्वनी असतोच असे नाही. ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून दिलेली हाक त्याच्यापर्यंत अधिक खात्रीने पोहोचते.

नोंदीचा प्रश्न याहून नाजूक आहे. महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्र असते आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा शासकीय निकष आहे. परंतु मंडळात अनेक गावे असतात आणि वादळाची रुंदी मोजकी. केंद्रात नाममात्र पाऊस नोंदला जावा आणि चार कोसांवर पीक आडवे व्हावे, हे सहज संभवते. वारा आणि गारा तर पर्जन्यमापकात मोजल्याच जात नाहीत. यास्तव ग्रामपंचायतीने त्याच दिवशी वादळाची वेळ, दिशा, गारांचा आकार, बाधित गट क्रमांक आणि छायाचित्रे अशी नोंद करून ती तहसील कार्यालयास कळवावी. शेतीपिकांच्या मदतीसाठी ३३ टक्के वा अधिक नुकसान ही अट असल्याने पंचनाम्यापूर्वी शेत साफ करण्याची घाई करू नये. वीज कोसळणे व अवेळी पाऊस या आपत्ती राज्य शासनाने मदतीस पात्र ठरविल्या आहेत. मृताच्या वारसांना ४ लाख रुपये साहाय्य मिळते. मात्र त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल आवश्यक असतो, आणि दुःखाच्या भरात अंत्यविधी आधी उरकून घेणाऱ्या कुटुंबाला हे त्याच वेळी कोणीतरी सांगावे लागते.