तोळ्यांची राखण

टेक्सासमधल्या प्लेनोत घराचं तोंड रस्त्याकडे असलं, तरी रोजची ये-जा मागून होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बांधलेल्या इथल्या बऱ्याच वस्त्यांत गराजचं दार मागच्या अरुंद गल्लीत उघडतं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच लाकडी कुंपणं, त्यामुळे दुपारी मागच्या दाराशी कोणी काही खटपट करत असेल तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. माझ्या काकूंच्या घरी तिजोरी बसवायला आलेला कारागीर म्हणून पुढच्या दाराशी थांबलाच नाही. तो थेट मागे गेला.

त्याने दाराच्या चौकटीवरची, कडी ज्या खाचेत अडकते ती पट्टी उघडली. आतले स्क्रू जेमतेम पाऊण इंचाचे होते. कुलूप कितीही भारी असलं तरी लाथ बसली की ही पातळ फळीच चिरते, हे त्याने फळीवर बोट ठेवून दाखवलं. तिथे त्याने तीन इंची स्क्रू बसवले. ते फळीतून आरपार जाऊन मागच्या जाड लाकडी खांबात रुततात. खर्च काही डॉलरचा आणि काम अर्ध्या तासाचं, तरी हे काम केलेली घरं मला फार थोडी दिसली आहेत.

चोरीची भीती काल्पनिक नाही. ह्यूस्टनच्या चाका कॅस्ट्रो या बाईला २०१९ मध्ये मिशिगनमधल्या फेडरल न्यायालयाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. २०११ ते २०१४ या काळात तिच्या टोळीने टेक्सास, जॉर्जिया, न्यूयॉर्क, मिशिगन अशा राज्यांत भारतीय आणि आशियाई कुटुंबांची घरं हेरून, शस्त्रं दाखवून लुटली होती. कुठल्या घरांवर जायचं, त्याच्या याद्या ती करून द्यायची. आपल्याकडे घरात सोनं असतं, हे चोरांना पक्कं ठाऊक आहे. इथला दागिना बहुधा १४ कॅरेटचा असतो, आपला २२ चा. तो वितळवला की ओळख पुसली जाते.

काही जण यावर उपाय म्हणून दारावरचं तोरण आणि उंबऱ्याजवळची रांगोळी काढून टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. तोरण राहू द्यावं, सोन्याची जागा बदलावी.

काकूंचं सोनं बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये, पैठणीच्या घडीत होतं: सासूबाईंचा कोल्हापुरी साज, ठुशी, पाटल्या, तोडे. तिजोरीही त्यांना तिथेच हवी होती. सांगलीच्या घरी गोदरेजचं कपाट झोपायच्या खोलीतच असायचं, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. कारागीर मात्र ठाम होता. चोर आत शिरला की पहिल्यांदा मोठ्या बेडरूममध्ये जातो, गादी उलटतो, ड्रॉवर ओततो. तांदळाचा डबा आणि देवघरही चोरांना नवे राहिलेले नाहीत. शेवटी जिन्याखालची जागा ठरली.

तिजोरीवर ‘आरएससी’ असा शिक्का होता. यूएल या चाचणी संस्थेच्या या प्राथमिक दर्जाचा अर्थ असा, की साध्या हत्यारांनी केलेल्या पाच मिनिटांच्या माऱ्यापुढे दार टिकलं. त्यावरचा टीएल-१५ हा दर्जा पंधरा मिनिटांचा असतो. पण तिजोरी जमिनीला जखडलेली नसेल तर या मिनिटांना काही अर्थ उरत नाही. दोन माणसं ती ढकलगाडीवर घालून गराजमधून नेतात आणि सवडीने फोडतात.

जखडण्यात इथे एक अडचण आहे. प्लेनोची जमीन आपल्या देशावरच्या काळ्या रानासारखी आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून इथल्या अनेक घरांच्या काँक्रीटच्या पायात पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात. भोक पाडताना अशी तार तुटली तर ती प्रचंड जोराने उसळते, माणूस जखमी होऊ शकतो आणि पायाही कमजोर होतो. कारागिराने आधी गराजच्या फरशीवर उमटवलेली ‘कापू नका’ ही सूचना शोधली, मग स्कॅनर फिरवून तारांच्या रेषा खडूने आखल्या. दोन रेषांच्या मधल्या जागेतच त्याने बोल्ट बसवले. इतक्या सावकाश चाललेलं ते काम बघताना, हे घरच्या ड्रिलने करायचं काम नव्हे, हे मला पटलं.

विम्याचा कागद आम्ही तेव्हाच काढला. घराच्या विम्याच्या सर्वाधिक वापरातल्या नमुन्यात चोरीला गेलेल्या दागिन्यांची भरपाई एकूण १५०० डॉलरपर्यंतच असते. आजच्या भावात त्यात दोन तोळेही बसत नाहीत. मोठे दागिने मूल्यांकन करून वेगळे नोंदवावे लागतात, त्यासाठी फोटो, वजनं आणि पावत्या लागतात. भारतात अलीकडे घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो, तोही लिहून ठेवावा. बँकेचा लॉकर अजूनही उत्तम, पण त्यातल्या वस्तूंना बँक ठेवींचं सरकारी विमा संरक्षण लागू होत नाही. शिवाय दिवाळीसाठी शुक्रवारी काढलेले दागिने सोमवारपर्यंत घरीच राहतात. काकूंची तिजोरी या मधल्या दिवसांसाठी आहे. साज त्यांनी लॉकरमध्येच ठेवायचं ठरवलं, कारण विम्याच्या पैशांत नवा साज येईल, सासूबाईंचा येणार नाही.

मे महिन्यात शाळा सुटल्या की इथली किती तरी घरं महिना-दोन महिने बंद राहतात. तिकिटं काढाल तेव्हाच लॉकरची वेळ घ्या, दागिन्यांचे फोटो काढा आणि शहराचे पोलीस बंद घरावर फेरी मारतात का, ते विचारा. पण त्याआधी आज घरी गेल्यावर मागच्या दाराच्या पट्टीतला एक स्क्रू काढून त्याची लांबी पाहा.