उलटे कोरा, सुलटे छापा



समजा, १७ सप्टेंबर जवळ आला आहे. १९४८ साली याच दिवशी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाडा मुक्त झाला, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तुम्ही लातूरला राहता आणि नांदेडच्या मामांना या दिवसाचे शुभेच्छापत्र पाठवायचे तुमच्या मनात आहे. पत्र विकतचे नको, स्वतः केलेले हवे. म्हणून तुम्ही एक मोठे पांढरे खोडरबर घेतलेत, त्यावर पेनने सुवाच्य अक्षरांत ‘लातूर’ असे लिहिलेत आणि अक्षरे तेवढी उंच ठेवून भोवतालचे रबर ब्लेडने कोरून काढलेत. दोन तास मोडले. मग शाई लावून शिक्का कागदावर दाबलात, उचललात आणि पाहता तो काय? सर्वांत आधी ‘र’, तोही पाठमोरा, मग ‘तू’, आणि ‘ला’ सर्वांत शेवटी. आरशात पाहिल्यासारखे सगळे!

शेजारी बसलेला मित्र म्हणतो, “अरे, शिक्का फिरवून धर, म्हणजे झाले.” त्याचेही ऐकून पाहा. शिक्का अर्धा फिरवून दाबलात तर शिरोरेघ खाली जाईल, अक्षरे डोक्यावर उभी राहतील, आणि तरीही पाठमोरीच राहतील. फिरवून हा दोष जात नाही. का जात नाही, हे कळले की शिक्क्याचे निम्मे शास्त्र कळले.

दोन्ही हात जोडून नमस्कार करा. अंगठ्यासमोर अंगठा आला, करंगळीसमोर करंगळी. शिक्का आणि त्याचा ठसा यांचे नाते या जोडलेल्या तळव्यांसारखे आहे. आता उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि तो न उचलता कसाही फिरवा. त्याचा डावा हात होईल काय? वर्तुळभर फिरवलात तरी तो उजवाच राहील. फिरवणे आणि उलटवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. शिक्का कागदावर दाबला की त्यातील डावे-उजवे एकदा उलटते. म्हणून कागदावर सुलटे हवे असेल तर शिक्क्यावर आधीच उलटे कोरले पाहिजे.

देवनागरीत याची एक सोपी खूण आहे. त, न, प, म, ल अशा कितीतरी अक्षरांचा उभा दांडा उजव्या बाजूला असतो. शिक्क्यावर तो डावीकडे आला पाहिजे. शिरोरेघ मात्र वरच राहील. कोरायला बसण्यापूर्वी एवढी एकच गोष्ट तपासली तरी बरीच खोडरबरे वाचतील! ‘०’ आणि दंड ही चिन्हे अशी आहेत की ती उलटी काय आणि सुलटी काय, सारखीच दिसतात. अशा आकृतींना आपण सममित म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे उदगीर आणि नांदेडच्या गोष्टीत तो आपल्याला लागणार आहे.

रबरी शिक्के करणाऱ्या कारागिरांना या उलटापालटीचा हिशेब नेहमीच ठेवावा लागे. त्यांची जुनी पद्धत अशी होती. छापखान्यातील शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचा. खिळ्यांवरील अक्षरे उलटी असतात. त्यांचा ठसा प्लास्टरमध्ये घेऊन साचा करायचा, म्हणजे साच्यात अक्षरे सुलटी. त्या साच्यावर गंधक मिसळलेले कच्चे रबर ठेवून दाबायचे आणि तापवायचे, म्हणजे रबरावर पुन्हा उलटी. आणि शेवटी शिक्का कागदावर उमटवला की सुलटी. दर ठशाला एक उलट. एखादी पायरी वाढली किंवा गळली की सारे बिघडले. आता हे काम संगणक आणि लेसर किरण करतात. कळ दाबताच मजकूर उलटा होतो, पण उलटा करावा लागतोच.

वरच्या वर्णनात ‘गंधक’ आणि ‘तापवायचे’ हे शब्द सहज आले. त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. झाडाच्या चिकापासून मिळणारे रबर पेन्सिलीची रेघ पुसते, हे इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली याने १७७० मध्ये नोंदवले होते. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि कडक थंडीत ठिसूळ. त्याचा शिक्का वैशाखात लातूरला कागदालाच चिकटून बसला असता! १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला असे आढळले की गंधक मिसळून तापवलेले रबर या दोन्ही दोषांपासून मुक्त होते. रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. गंधकाचे अणू त्या दोऱ्यांमध्ये जागोजागी गाठी मारतात. म्हणून रबर ताणले किंवा दाबले तरी दोरे एकमेकांवरून घसरून जात नाहीत, सोडताच मूळ जागी येतात. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. त्या शतकात दंतवैद्य कवळ्यांसाठी रबर वापरीत. ते तापवण्यासाठी त्यांच्याकडे लहान भांडी असत, आणि सुरुवातीचे काही रबरी शिक्के याच भांड्यांतून निघाले.

शिक्क्याला रबरच का? लाकडाचा का नाही? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. असा एखादा हातकागद मिळाला तर त्यावर बोट फिरवून पाहा. उंचसखलपणा बोटाला जाणवेल. लाकडी ठसा अशा कागदाच्या उंचवट्यांनाच टेकतो आणि खळगे कोरे राहतात. रबर मात्र दाबताच किंचित वाकते, खळग्यात शिरते आणि तेथेही शाई पोचवते. बटाट्याचा ठसाही मऊ असतो, पण त्यातील पाण्याने शाई पातळ होते आणि दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो. लहान भावंडांना मात्र भेंडीचा काप द्यावा. कोरावे न लागता फुलाचा ठसा मिळतो.

आता आपला शिक्का करू या. खोडरबर कोरण्यापेक्षा सोपी रीत सांगतो. सायकल दुकानातून निकामी ट्यूबचा तुकडा आणा. तो साबणाने धुऊन वाळवा आणि पॉलिश कागदाने किंचित घासा. सुताराकडून काड्यापेटीएवढा सपाट लाकडी ठोकळा घ्या. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र किंवा अक्षरे नेहमीसारखी, सुलटी काढा. रेघा ठळक हव्यात. तो कागद ठोकळ्यावर पालथा ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. पेन्सिलीचे ग्रॅफाइट लाकडावर उतरेल आणि चित्र आपोआप उलटे मिळेल. डोके शिणवायला नको! मग ट्यूबच्या पट्ट्या कात्रीने त्या आकारात कापून पंक्चरच्या सोल्यूशनने ठोकळ्यावर चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. खोडरबरच कोरायचे असेल तर ब्लेडची धार बोटांपासून दूर ठेवा. हे काम शिक्षकांसमोरच करावे. जाता जाता सांगतो, आज दुकानात मिळणारी पुष्कळशी पांढरी खोडरबरे रबराची नसतातच. ती एका प्रकारच्या मऊ प्लॅस्टिकची असतात. कोरायला चांगली, पण प्लॅस्टिकच्या पट्टीला खेटून महिनाभर ठेवलीत तर पट्टी खराब करतात.

शिक्का पॅडवर एकदाच दाबून कागदावर ओळीने उमटवत जा. पहिला ठसा गडद, दुसरा फिका, तिसरा त्याहून फिका. याचा अर्थ शाई एका दमात कागदावर जात नाही. शिक्का उचलताना शाईचा थर मधोमध फाटतो, काही भाग कागदाकडे आणि काही रबराकडे राहतो. कागदाच्या तंतूंमधील बारीक फटी आपल्या वाट्याची शाई केशाकर्षणाने ओढून घेतात. हाच ठसा प्लॅस्टिकच्या कव्हरावर उमटवा. तेथे फटीच नाहीत, म्हणून बोट लागताच तो फिसकटतो. पॅडच्या पुष्कळशा शायांत ग्लिसरीन असते. ते हवेतील बाष्प शोषते, म्हणून पॅड लवकर सुकत नाही. शिक्का साफ करताना मात्र रॉकेल वापरू नका. ट्यूबचा एक तुकडा रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी दुसऱ्या कोरड्या तुकड्याशी ताडून पाहा, म्हणजे कारण कळेल.

शाईशिवायही शिक्का उमटवता येतो! चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फडक्याने पसरा आणि कागद सावलीत वाळवा. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात एक जाड फडके भिजवा आणि पिळून घडी करा. हे झाले तुमचे पॅड. त्यावर शिक्का टेकवून हळदीच्या कागदावर दाबा. पिवळ्यावर तांबडा ठसा उठेल. हळदीतील कुर्क्युमिन हा रंग अल्कलीत तांबडा होतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आजीला कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत असते. ठसा चुकला तर तेवढ्यावर लिंबाचा थेंब लावा, तो पुन्हा पिवळा होईल. सोड्याचे हात डोळ्यांना लावू नका आणि काम संपताच धुऊन टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून मामांना पत्र वहीत जपून ठेवायला सांगा. त्या पिवळ्या कागदावर ज्वारीचे एखादे वाळके पान चिकटवले, कडेने कापसाचा धागा दिला आणि वर शाईचा शिक्का मारला की शेताची आठवण देणारे पत्र तयार होते.

पत्रावर चित्र कोणते घ्यावे? लातूरकरांना एक सुचवतो. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, आणि लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे इतिहासकार मानतात. त्यांचे दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले असे. पत्रे एका कडीत ओवून कडीच्या टोकांवर राजमुद्रा बसवीत, म्हणजे मधला पत्रा कोणी बदलू नये. अनेक मुद्रांवर समोर पाहणारा गरुड आहे. असा समोर पाहणारा गरुड साधारणपणे सममित असतो, म्हणून तो कोरताना उलट-सुलट होण्याची धास्ती कमी. मात्र आजच्या कोणत्याही कार्यालयाचा किंवा टपालाचा गोल शिक्का गमतीने देखील कोरू नका. तो गुन्हा ठरू शकतो.

आणि आता उदगीर-नांदेडची गोष्ट. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणलेल्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार होतात. ध्वजाच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर निळे अशोकचक्र असते. ते छापलेले असो की भरतकाम केलेले, कापडाच्या दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसले पाहिजे असा नियम आहे. कापड पातळ असते. पुढचे चक्र आणि मागचे चक्र यांचे केंद्र जुळले नाही, तर उजेडासमोर धरताच दोन चक्रे दिसतील.

इथे तुमच्या खोडरबराचीच अडचण देशापुढे उभी होती. १९३१ च्या ध्वजावर चरखा होता. चरख्याच्या एका टोकाला मोठे चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती, म्हणजे तो सममित नाही. कापडाच्या दोन्ही बाजूंना एकाच साच्याने चरखा छापला तर पुढचे चाक आणि मागची चाती एकमेकांवर येऊन गोंधळ होईल. दोन्ही चित्रे नेमकी जुळवायची तर मागच्या बाजूसाठी उलटा साचा करावा लागेल, आणि मग मागून पाहणाऱ्याला चरखा पाठमोरा दिसेल. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत ध्वजाचा ठराव मांडताना पंडित नेहरूंनी चक्र का घेतले हे सांगितले, त्यात ही व्यवहारातील अडचणही होती. चित्र दोन्ही बाजूंनी सारखे दिसायला हवे होते.

अशोकचक्राला २४ आरे आहेत, दोन आऱ्यांमध्ये १५ अंशांचे अंतर. आरे सरळ असल्यामुळे चक्र आरशात पाहिले तरी तेच दिसते. एकच साचा दोन्ही बाजूंना चालतो. फक्त केंद्र जुळवावे लागते आणि आऱ्यावर आरा आणावा लागतो. चूक झालीच तर ती जास्तीत जास्त साडेसात अंशांची असते. कारण त्यापलीकडे गेले की पुढचा आरा जवळ येतो. ९०० × ६०० मिलिमीटरच्या ध्वजावर चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर ठरलेला आहे. म्हणजे कडेला साडेसात अंश म्हणजे किती मिलिमीटर होतील, ते काढून पाहा. नांदेडच्या कारागिराला किती जपावे लागते याचा अंदाज येईल.

तुमच्या पत्रावर ध्वज किंवा राजमुद्रा नको. बैलगाडीचे चाक काढा. मात्र आरे सरळ ठेवा. छताच्या पंख्याच्या पात्यांसारखे वळलेले आरे काढलेत तर ठशातील चाक उलट्या दिशेला फिरताना दिसेल. हे खरे वाटत नसेल तर ट्यूबच्या उरलेल्या तुकड्यातून तीन वाकड्या पात्यांचा पंखा कापा, पत्राच्या घडीच्या उजव्या पानावर उमटवा, आणि शाई ओली असतानाच पत्र मिटून पुन्हा उघडा. डाव्या पानावर फिकट असा दुसरा पंखा उमटलेला असेल. शिक्क्यावरचा पंखा त्या दोघांपैकी कोणासारखा आहे, ते सांगा पाहू.