आजीचा फोटो हलला म्हणून लेन्स घेतली: छोटी, फास्ट प्राइम लेन्स कशी तपासायची?

ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून या भागाचं लिखित रूप थोडं नीट करून देतोय.

सुरुवात एका खराब फोटोपासून करतो. गेल्या वर्षीचा शिमगा. आमच्याकडे रत्नागिरीत शिमगा म्हणजे पालखी, हे वेगळं सांगायला नको. देव स्वतः घरी येतो. रात्रीची वेळ, अंगणात एक एलईडी बल्ब आणि पडवीतली एक ट्यूब. आजी पालखीची ओटी भरत होती. मी कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सने फोटो काढला. घरी लॅपटॉपवर बघतो तर बल्ब स्पष्ट, तुळशीवृंदावन स्पष्ट आणि आजीचा चेहरा पुसल्यासारखा. कारण शटर होतं १/१५ सेकंद. तेवढ्या वेळात माणूस मान हलवतो, हात पुढे करतो, हसतो. कॅमेऱ्याने ते सगळं एकावर एक रंगवून ठेवलं.

आजी ८४ वर्षांची आहे. पालखी वर्षातून एकदा येते. म्हणून यंदा शिमग्याच्या आधी पैसे जमवून एक ३० एमएम, एफ १.४ प्राइम लेन्स मागवली. परत करायची मुदत होती सात दिवस. या सात दिवसांत मी काय काय तपासलं, ते आज सांगणार आहे. माझी लेन्स कुठल्या कंपनीची हे मुद्दाम सांगत नाही, कारण तपासायची पद्धत कुठल्याही लेन्सला तीच.

फास्ट म्हणजे नेमकं काय?

प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. फास्ट म्हणजे ॲपर्चर मोठं उघडणारी, म्हणजेच एफचा आकडा लहान असलेली. बरेच जण ही लेन्स मागचं धूसर करायला घेतात. रील्समध्ये तेच दिसतं ना! पण माझं म्हणणं असं आहे की तुम्ही पैसे मोजता ते शटर स्पीडसाठी. धूसर बॅकग्राउंड त्यावर फुकट मिळतं, आणि कधीकधी नको असताना मिळतं.

हिशेब बघा. माझी किट लेन्स ३० एमएमला जास्तीत जास्त एफ ४.५ उघडते. ४.५ भागिले १.४ म्हणजे साधारण ३.२. त्याचा वर्ग केला की १०. म्हणजे नवीन लेन्समधून दहापट प्रकाश आत येतो. त्याच अंगणात, त्याच आयएसओ ३२०० ला, १/१५ च्या जागी १/१५० च्या आसपास शटर मिळतं. बोलणाऱ्या, हात हलवणाऱ्या माणसाला १/१२५ सहसा पुरतं. पालखी खांद्यावर नाचत असेल तर १/२५० किंवा त्याहून जास्त लागतं.

आता तुम्ही म्हणाल, "अरे, माझ्या फोनला एफ १.८ आहे की!" बरोबर. पण फोनचा मुख्य सेन्सर लहान. साधारण मोठा म्हणतात तो फोनचा सेन्सर धरला, तरी एपीएस-सी, म्हणजे आपला क्रॉप सेन्सर, क्षेत्रफळात त्याच्या सहा-सात पट भरतो. फोन नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम एकत्र करून ही कमतरता भरून काढतो. देऊळ, डोंगर, उभी गाडी, सगळं मस्त येतं. पण नाचणारी पालखी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते. तिथे फोन अडखळतो.

पहिली तपासणी: लेन्स घेण्याआधी, फुकटात

क्रॉप सेन्सरवर ३० एमएम म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ४५ एमएम. कॅननच्या क्रॉप बॉडीवर गुणक १.६ असतो, तिथे ४८. हे आपल्याला जमेल का? किट लेन्सची झूम रिंग ३० वर ठेवा, वर चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तशीच वापरा.

मी तसंच केलं. तीन मीटरवरून आडव्या फ्रेममध्ये साधारण २.३५ मीटर रुंदी मावते, म्हणजे खांद्याला खांदा लावून चार माणसं. अंगणात हे छान वाटतं. देवघरात मात्र पाठ भिंतीला टेकते आणि तरी अख्खी आरती मावत नाही. तुमचं बरंचसं काम घराच्या आत असेल, तर २३-२४ एमएम बघा. मुख्यतः चेहरे काढायचे असतील तर ५०-५६. हा निर्णय चुकला तर पुढची सगळी तपासणी वाया.

दुसरी: चिऱ्याची भिंत

यूट्यूबवर लोक छापील चार्ट लावून तपासतात. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे, चिऱ्याची भिंत! सपाट, पण सगळीकडे बारीक खड्डे आणि कण. गिलावा नसलेली कंपाउंडची भिंत शोधा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, नसेल तर स्टुलावर. सेन्सर भिंतीला समांतर हवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना धक्का लागत नाही. मग एफ १.४, २, २.८, ४ आणि ५.६ ला एकेक फोटो.

आता झूम करून बघा. मध्यभाग एफ १.४ लाच वापरण्याजोगा हवा. कोपरे १.४ ला थोडे मऊ असले तर चालतं, एफ ४ पर्यंत सुधारले पाहिजेत. खरी गोष्ट वेगळीच आहे: चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. तीन ठीक आणि एकच कोपरा सतत मऊ, असं दिसलं तर आधी कॅमेरा तिरका नव्हता ना याची खात्री करून पुन्हा काढा. तरीही तोच कोपरा मऊ राहिला, तर आतलं एखादं भिंग जागेवरून किंचित सरकलेलं असू शकतं. तो दोष त्या एका नगाचा, मॉडेलचा नाही. बदलून मागा. म्हणूनच ही तपासणी मुदतीत करायची.

तिसरी: मिरकरवाड्याचे दोर आणि मांडवीचे दिवे

दुपारी मिरकरवाडा बंदरात गेलो. उजळ आकाशासमोर बोटींच्या काठ्या आणि दोर. फास्ट लेन्स पूर्ण उघडी ठेवली की अशा काळ्या-पांढऱ्या कडांवर जांभळी किंवा हिरवी किनार येते. फोकसच्या पुढच्या भागात जांभळट, मागच्या भागात हिरवट. थोडी येणारच. प्रश्न असा की एफ २ किंवा २.८ ला ती कमी होते का? माझ्याकडे २.८ ला जवळजवळ गेली. ज्यांना लग्नात चांदीची भांडी आणि दागिने काढायचे आहेत त्यांनी हे नक्की बघावं.

रात्री मांडवीला. लांबच्या दिव्याचा ठिपका फ्रेमच्या मध्यभागी गोल येतो, पण कोपऱ्यात नेला की कधीकधी पक्ष्याच्या पंखांसारखा पसरतो. तारे किंवा रोषणाई काढणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. माणसं काढणाऱ्यांनी फार मनावर घेऊ नये.

क्षितिजाची रेषाही बघून घ्या. छोट्या लेन्स बनवताना रेषा सरळ करायचं काम बरेचदा कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं. जेपेगमध्ये समुद्र सरळ आणि रॉ फाइल साध्या ॲपमध्ये उघडली तर वाकडा, असं दिसलं तर घाबरू नका.

चौथी: फोकस, आणि त्याचा आवाज

भावाला पडवीतून माझ्याकडे चालत यायला सांगितलं. डोळा ओळखणारा फोकस चालू, २० फोटो. किती फोटोंत डोळा खरंच स्पष्ट आहे ते मोजा. मग दिवे कमी करून पुन्हा. लेन्स पुढे-मागे चाचपडत बसली तर तुमचा क्षण गेला.

व्हिडिओ करणाऱ्यांनी शांत खोलीत कॅमेऱ्याच्याच माइकवर रेकॉर्ड करून मोटारचा आवाज येतो का ते ऐकावं. कानाला ऐकू येत नाही ते माइकला येतं, हे पॉडकास्टवाल्याकडून ऐका!

पाचवी: थरथर

अशा बऱ्याच लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नसतं. सोनी ए६४००, कॅनन आर५०, निकॉन झेड३० या बॉडींतही सेन्सर हलवून थरथर सावरायची सोय नाही. मग हातात धरून ३० एमएमला १/४५ च्या खाली जाताना जपून. पण लक्षात ठेवा, स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरचा माणूस नाही. माझ्या आजीच्या फोटोला त्याचा काहीच उपयोग झाला नसता.

सहावी: कोकणातली हवा

पाऊस, दमटपणा, खारा वारा. लेन्सला हवामानरोधक सील आहे का ते बघा. नसेल तर भाट्याच्या वाळूत लेन्स बदलू नका. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखा. पावसाळ्यात कपाटातल्या बॅगेत महिनोन्‌महिने पडलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती काचेवरचं कोटिंग खाते. सेकंडहँड घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असो, हात जोडा आणि निघा.

आणि मग पालखी आली

लेन्स तपासणीत पास झाली. मी नापास झालो.

ओटी भरताना आजी माझ्यापासून दोन मीटरवर होती. एफ १.४ ला त्या अंतरावर साधारण २५ सेंटीमीटर एवढाच भाग नीट फोकसमध्ये येतो. गडबडीत मी डोळ्याचा फोकस बंद करून मधला एकच बिंदू ठेवला होता. तो बसला पुढच्या निरांजनावर. पहिले चार फोटो: ज्योत सुरेख, ताट सुरेख, आजी पुन्हा धूसर. यावेळी हललेली नव्हती, फोकसबाहेर गेली होती. शटरला दोष द्यायची सोय राहिली नाही.

मग एफ २ केलं. २५ चे ३५ सेंटीमीटर झाले. प्रकाश निम्मा झाला, म्हणून आयएसओ ६४०० केला आणि शटर १/१६० च्या आसपास राखलं. डोळ्याचा फोकस चालू. पुढचा फोटो लागला. आजीच्या कपाळावरच्या आठ्या, नाकातली चमकी, डोळ्यातलं पाणी, सगळं आलं. दाणे दिसतात, नॉइज आहे. पण दाणेदार चेहरा चालतो, पुसलेला चेहरा चालत नाही. गेल्या वर्षीच्या सेटिंगला एफ २ आणि ६४०० शक्यच नव्हतं. किट लेन्सवर हेच शटर आणायला आयएसओ ३२००० च्या पुढे जावं लागलं असतं.

मग कुठली घ्यायची?

तुमच्या माउंटप्रमाणे बघा. सोनीवर सिग्मा ३० एमएम एफ १.४, साधारण २६५ ग्रॅम. किंवा सोनीचीच ३५ एमएम एफ १.८, दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि आत स्टॅबिलायझेशन. निकॉनवर डीएक्स २४ एमएम एफ १.७, १३५ ग्रॅम. कॅननवर आरएफ ५० एमएम एफ १.८, १६० ग्रॅम, पण क्रॉपवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांसाठी. फुजीवर ३५ एमएम एफ २, १७० ग्रॅम आणि पावसाच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेली. एफ १.४ आणि एफ २ मध्ये फरक एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा. तुमच्या अंधारात तो स्टॉप लागतो का, हे तुमचे जुने हललेले फोटो सांगतील. त्यांचा शटर स्पीड आणि आयएसओ उघडून बघा. फोटो दिवसाउजेडीचेच असतील तर पैसे ठेवून द्या, किट लेन्स पुरे आहे.

आजीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "मी एवढी म्हातारी दिसते?" म्हटलं, आजी, लेन्स शार्प आहे.

तुमचा हललेला फोटो कुठला, आणि शटर किती होतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि लेन्स डब्यात ठेवा!