खण आणि चौक

चिंचवड गांवांत, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून फार दूर नाहीं असा, आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. तो पाडून सहा मजल्यांची इमारत बांधावी असें घरांत चाललें आहे. चार भावांच्या घरांत अशा गोष्टी जितक्या शांतपणें चालतात तितक्याच शांतपणें. बिल्डरच्या नकाशांत चौक नाहीं. त्यावरून आमचा व पुतण्याचा वाद झाला, त्यांतून हा लेख निघाला. पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत इंजिनिअर आहे.

जुन्या वाड्याचें माप म्हणजे खण. दोन खांबांमधील अंतर तो खण. आणि तें किती असावें हें मालकाच्या हौसेवर नव्हे, तर सागाच्या तुळईच्या लांबीवर ठरे. खण वाढवितां येत नाहीं म्हणून ते एकापुढें एक मांडावयाचे, आणि पोटांतल्या जागेस उजेडवारा मिळावा म्हणून मध्यें चौक उघडा ठेवावयाचा. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत चतुःशाल गृहाचे प्रकार सांगितले आहेत. आमचा चौसोपी वाडा त्याच कुळांतला.

लांकडाची ही सत्ता एकोणिसाव्या शतकानें मोडली. इंग्लंडांत १८२४ सालीं जोसेफ अ‍ॅस्पडिननें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, १८२९ सालीं हेन्री पामरनें पन्हळी लोखंडी पत्र्याचें. तरीहि नव्या सामुग्रीस जुना अंगरखा चढविल्यावांचून लोकांस चैन पडेना. मुंबईचें बोरीबंदर पाहावें. आज त्यास छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. स्टीव्हन्सनें १८७८ सालीं आरंभिलेल्या या इमारतीस दर्शनीं कमानी, घुमट, दगडांत कोरलेले पशुपक्षी. आणि मागें गाड्यांवर लोखंडी खांबांचें साधें छप्पर.

आमच्या भागांत कारखाने आले ते मात्र अंगरखा उतरवूनच. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झालें, आणि त्या दशकांत टेल्को आली. जुन्या कारखान्यांवर करवतीच्या दात्यांसारखीं छपरें दिसतात. दात्याची उभी बाजू कांचेची व उत्तराभिमुख, म्हणजे यंत्रावर उजेड पडतो, ऊन पडत नाहीं. ही युक्ति विलायतेच्या कापडगिरण्यांची. परंतु आमचें अक्षांश साडेअठरा! मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दिवसभर आमच्या उत्तरेसच असतो. विलायती युक्ति येथें त्या अडीच महिन्यांपुरती लंगडी पडते. नशीब कीं त्यांतले बरेच दिवस पावसाचे!

चाकणला आतां दातेहि उरले नाहींत. पोलादी सांगाड्यावर पत्रा, आणि तीस तीस मीटर मध्यें खांब नाहीं. एका खणांत आमचा अख्खा वाडा मावेल. परंतु पुतण्याच म्हणाला, "काका, आढ्याशीं गरम हवेला वाट ठेवली नाहीं तर दुपारीं आंत उभें राहवत नाहीं." वाऱ्यावर गरगर फिरणारे घुमट त्यासाठींच बसवितात. आम्ही म्हणालों, "अरे, तो चौकच कीं!" तो हंसला, पण कबूल होईना. त्याचा हिशेब सरळ होता. चौकाच्या जागेंत मजल्यागणिक एक, अशा सहा खोल्या बसतात, आणि आमच्या घरांत सहा खोल्या कमीच आहेत.

वाड्याचीं सर्वच लक्षणें वाखाणण्याजोगीं होतीं असें आम्ही म्हणणार नाहीं. चौक पुरुषांच्या बैठकीस लाभला. आमच्या मातोश्रींचें बहुतेक आयुष्य मागच्या माजघरांत, भर दुपारीं दिवा लावून गेलें. आमच्या वहिनींनीं ही आठवण काढली तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. माजघरास खिडकी न देण्यास सागाची तुळई कारण नव्हती.

अखेर पुतण्यानेंच पेन्सिल घेतली. सिमेंट-काँक्रीटचा खण लांब करतां येतो, म्हणून खांब भिंतींत सारले. दोन खणांचा चौक तळापासून गच्चीपर्यंत ठेवला, त्यावर कांचेचें छप्पर हातभर उचलून चारी बाजूंनीं हवेस वाट दिली, आणि सहाही मजल्यांचीं स्वयंपाकघरें चौकाकडे तोंड करून मांडलीं. खोल्या चार कमी झाल्या. कागद तीन दिवस देवघरासमोरच्या पाटावर पडून आहे. धाकटे बंधु रोज तो उचलून पाहतात आणि कमी झालेल्या चार खोल्या कोणाच्या, एवढेंच विचारतात.